दरवर्षी तीच फळी कुजते? आधी हत्यारं तपासा

मामाच्या बोटीच्या डेकवर, बर्फाच्या खणाच्या तोंडाशी डाव्या हाताला तीन फळ्या आहेत. त्या तीन फळ्यांनी माझे तीन पावसाळे खाल्ले. बोट लाकडी, डेक सागाचं, फळ्या दीड इंची. १ जूनला मासेमारी बंद झाली की वेसाव्याच्या खाडीत बोट वर ओढतात, ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस, तेवढ्यात जे काय ठोकाठोकी करायची ती करायची, आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास परत धंद्याला. मी ऑफिसवाला माणूस, शनिवार-रविवार मामाकडे जातो, हौस म्हणून हात काळे करतो. पहिल्या वर्षी फळी नरम लागली म्हणून कोरून पुट्टी भरली. दुसऱ्या वर्षी फळ्याच बदलल्या. तिसऱ्या वर्षी परत बदलल्या आणि वरून फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन, मारलं, म्हटलं आता विषय संपला. मार्चमध्ये तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, म्हणाला, तिकडे पाय दाबला की फायबरच्या कडेतून पाणी वर येतं. पाय दाबला की! म्हणजे डेक नाही, स्पंज.

हे लिहितोय कारण मढला, वरळीला, भाऊच्या धक्क्याला ज्याच्याशी बोललो त्याचं थोड्याफार फरकानं हेच रडगाणं आहे, आणि सगळे विचारतात की कुठलं केमिकल मारलं, कुठला सीलंट आणला. मीपण हेच विचारत फिरायचो. घोळ केमिकलमध्ये नव्हता, मी ज्या हत्यारांनी काम करत होतो त्यांच्यात होता, आणि त्याहून जास्त जी हत्यारं माझ्याकडे नव्हतीच त्यांच्यात.

सुरुवात ग्राइंडरपासून करतो कारण सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते. दोन फळ्यांमधली जुनी, कडक झालेली भर काढायची असते, कोणीतरी म्हणतं चार इंची ग्राइंडरला पातळ कटिंग डिस्क लाव, पाच मिनिटांत फट मोकळी. होते ना मोकळी. पण डिस्क सरळ जात नाही, सागाचा धागा लागला की ती बाजूला पळते, फटीशेजारी दुसरी फट तयार होते, कड जळून काळी चकचकीत होते आणि त्या जळक्या कडेला नंतर काहीही धड चिकटत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फटीचा तळ कापला जातो. डेकच्या फळ्या खाली एकमेकींना टेकलेल्या असतात आणि वर किंचित उघड्या, इंग्रजी व्ही सारख्या, फळीच्या जाडीच्या दर इंचाला वरची फट साधारण दीड मिलिमीटर. पाणी अडवायला या फटीत आधी कापूस ठोकतात आणि वरून भर घालतात, कापूस त्या निमुळत्या जागेत आवळून बसतो. तळच कापलात तर कापूस बसणार कशावर? आमचा कापूस अक्षरशः खालच्या खणात लोंबत होता आणि मी वरून सीलंटच्या नळ्या रिकाम्या करत होतो.

बोटीचं सुतारकाम करणाऱ्या मिस्त्री काकांनी ती फट बघितली आणि मला एवढंच विचारलं, "पोरा, ही फट कोणी फाडली?" मी काय बोलणार.

त्यांचं हत्यार म्हणजे एक जुनी कानस. दात गेलेली, भंगारातली. तिची शेपटाकडची बाजू लोहाराकडे लाल करून काटकोनात वाकवलेली, आणि टोक घासून फटीच्या रुंदीएवढं केलेलं. आकड्यासारखं दिसतं. फटीत घालायचं आणि स्वतःकडे ओढायचं, जुनी भर दोरीसारखी निघून येते, कडेला ओरखडासुद्धा नाही. एका फळीला दोन तास जातात, कमरेचा काटा ढिला होतो, पण लाकूड जसं होतं तसं राहतं. घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा, कानसेचं पोलाद फार कडक असतं, वाकवून नुसतं पाण्यात विझवलंत तर काचेसारखं तुटेल, लोहाराला सांगा विझवून झाल्यावर परत थोडी ऊब देऊन पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरवायला. ज्याला हे जमत नाही त्यानं ऑसिलेटिंग मल्टीटूल घ्यावं, ज्याचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. ते पळत नाही. मी दोन्ही वापरतो, भर अगदी दगड झाली असेल तिथे मल्टीटूलनं मधोमध चीर पाडतो आणि कडेची भर आकड्यानं काढतो.

आता मुद्द्याचं. तीन वर्षं मी कापणारी, घासणारी, भरणारी हत्यारं घेतली आणि पाणी येतंय कुठून हे शोधायला एकही हत्यार घेतलं नाही. वरून पाऊस पडतो, वरून लाट येते, म्हणजे पाणी वरूनच येणार, हे गृहीतच धरलेलं. चौथ्या वर्षी हजार-बाराशेचा लाकडाची ओल मोजणारा मीटर घेतला, दोन सुया असलेला, सुया लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. आख्ख्या पेटीतलं सगळ्यात स्वस्त इलेक्ट्रिक हत्यार आणि सगळ्यात कामाचं तेच निघालं.

पण त्यातसुद्धा एक खोच आहे. हा मीटर लाकडातून वीज किती जाते त्यावरून ओल सांगतो, आणि बोटीच्या लाकडात मीठ मुरलेलं असतं, मिठानं वीज जास्त जाते, म्हणून आकडा खोटा चढतो. पहिल्या दिवशी मला सगळं डेक ओलंचिंब दिसलं आणि मामा म्हणाला फेकून दे ते खेळणं. तर करायचं असं की त्याच बोटीवरची, तेवढंच खारं पाणी खाल्लेली पण ठणठणीत असलेली एक जागा पकडायची, तिथला आकडा घ्यायचा, आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. एकट्या आकड्याला काही अर्थ नाही, फरकाला आहे. मी खडूनं फळीवरच आकडे लिहितो, तारखेसकट.

मग जे दिसलं ते असं. ठणठणीत जागी १८ टक्के. आमच्या लाडक्या तीन फळ्यांवर, फायबर सोलून काढल्यावर, वरच्या अंगाला २३-२४. आणि खणात उतरून, टॉर्च दातात धरून, त्याच फळ्यांच्या खालच्या अंगाला सुया टोचल्या तर ३० च्या वर. खाली जास्त ओलं! म्हणजे पाणी वरून येतच नव्हतं.

बर्फाच्या खणात वरच्या बाजूला, फळ्यांच्या खाली, थर्माकोल लावलेला होता, आणि थर्माकोल आणि फळी यांच्यामध्ये बोटभर पोकळी. खणाच्या तोंडाची चौकट एका कोपऱ्यात हललेली, तिथून बाहेरची दमट हवा त्या पोकळीत शिरत होती. मुंबईची हवा ३० अंशांची आणि ८० टक्के दमट असेल तर साधारण २६ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर तिचं पाणी होतं, उन्हाळ्यात थंड बाटलीला घाम येतो तसं. आणि इथे थर्माकोलच्या पलीकडे तर बर्फ! मासेमारीचा आख्खा सीझन तिथे रात्रंदिवस घाम धरत होता. आणि हे पाणी गोडं. समुद्राच्या पाण्यानं लाकूड सहसा कुजत नाही, मीठ बुरशीला रोखतं, म्हणून तर जुने लोक डेक खाऱ्या पाण्यानं धुवायचे आणि मामा अजून धुतो, मला वाटायचं नळाचं पाणी वाचवतोय. लाकूड कुजवतं ते पावसाचं आणि बर्फाचं पाणी. लाकडात ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ टिकली की बुरशीला रान मोकळं. खालून गोड्या पाण्याची सोय होतीच, मी वरून फायबर मारून ते सुकायची उरलीसुरली वाटसुद्धा बंद केली. स्वतःच्या पैशानं.

मीटर नसेल तर? दाभण घ्या, पोती शिवायचं असतं ते. फळीत दाबा, चांगल्या सागात टोकापुरतं जातं, कुजक्यात लोण्यासारखं. आणि लहान हातोडीनं किंवा पेचकसाच्या मुठीनं ठोकत जा, चांगली फळी टण्ण बोलते, कुजकी ठप्प. आणि खरंच वरून गळतंय का हे बघायचं असेल तर कपड्यांना लावतो ती नीळ बादलीत घोळा, संशय असेल तेवढ्याच जागेभोवती ओल्या चिंध्यांचा बांध घाला, आत निळं पाणी ओता, आणि खाली जाऊन बसा. अर्धा तास तरी बसा. डेकच्या उतारावर सगळ्यात खालच्या जागेपासून सुरू करून वर वर जायचं, नाहीतर वरचं पाणी खाली वाहत येतं आणि कुठलं कुठे गळतंय ते कळत नाही. पाणी फळ्यांखालच्या आडव्या वाशावरून चार-चार फूट चालत जातं, थेंब जिथे पडतो तिथे वर भोक असेलच असं नाही. आमच्याकडे झोपायच्या जागेवर थेंब पडायचा, भोक निघालं जाळं ओढायच्या विंचच्या बोल्टाशी.

आता कुजकं काढायचं. इथे पटाशी हवी, एक इंची आणि अर्धा इंची, आणि धार हवी, बाकी काही नको. सागात वाळूसारखी सिलिका असते, साधी धार तासाभरात बसते, म्हणून तेलाचा दगड बाजूलाच ठेवायचा आणि करवतीचं, मल्टीटूलचं पातं कार्बाइडच्या दातांचं घ्यायचं. महाग पडतं पण साध्या पात्यांची थप्पी लागते त्यापेक्षा स्वस्त. फळी आडवी कापायची ती वाशाच्या मधोमध कापायची, म्हणजे नव्या तुकड्याला आणि जुन्या फळीला दोघांनाही अर्धा-अर्धा वासा बसायला मिळतो. सर्क्युलर सॉनं हे करू नका, फळी कापताना वासा कधी कापला गेला हे कळणारसुद्धा नाही. मल्टीटूलच्या पात्यावर फळीच्या जाडीएवढी चिकटपट्टी लावायची, पट्टी लाकडाला टेकली की थांबायचं. आणि शेजारशेजारच्या दोन फळ्यांचे जोड एकाच वाशावर आणू नका, मी दुसऱ्या वर्षी आणले होते, तिन्ही एका रेषेत, दिसायला सुबक होतं आणि डेक तिथूनच हलायला लागलं.

नवी फळी. रे रोडच्या लाकडी बंदराकडे साग मिळतो, पण फळी आणल्या आणल्या ठोकू नका. कोरडी ठणठणीत १२ टक्क्यांची फळी भर जुलैत घट्ट बसवलीत तर ती हवेतली ओल पिऊन १८ वर जाते, चार इंची फळी साधारण एक मिलिमीटर फुगते, तीन फळ्यांचे तीन मिलिमीटर, मग कुठेतरी उचलणारच. आम्ही यंदा फळ्या मे महिन्यात आणल्या आणि बोटीशेजारच्या शेडमध्ये काठ्यांवर मोकळ्या रचून ठेवल्या, दर रविवारी मीटर.

स्क्रू आणि ड्रिल. इथे माझं पाप म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर, ठोके देत स्क्रू फिरवणारं मशीन. टकटकटक करत स्क्रू आत जातो, भारी वाटतं, पण सागासारख्या लाकडात तो थांबायचं कुठे हे कळत नाही, स्क्रूची मान पिळवटते, किंवा डोकं इतकं खोल जातं की वर लाकडी बुच बसवायला काठच राहत नाही. साधा ड्रिल घ्या ज्याला क्लच आहे, म्हणजे ठरावीक जोर आला की जो फिरवणं सोडून देतो, हलक्या नंबरवर ठेवा आणि शेवटचे दोन आटे हातानं. आधी बारीक भोक पाडायचं, नेहमी. मिस्त्री काका अजून गिरमिट फिरवतात आणि त्यांची भोकं माझ्यापेक्षा सरळ असतात, ते एक असो. पितळेचे स्क्रू नको, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, मागे गुलाबीसर भुसभुशीत तांबं उरतं, आमचे दोन वर्षांतच हातानं मोडले. स्टेनलेस स्टील घेणार असाल तर ३१६ ग्रेडचं, ३०४ नाही, आणि तेसुद्धा सतत ओल्या, हवा न लागणाऱ्या लाकडात खड्डे पडून खातं, म्हणून ओल आधी मिटवा. गरम जस्तात बुडवलेले खिळे अजून चांगले चालतात. बाकी एकाच फळीत दोन-तीन धातूंची खिचडी करू नका.

कापूस ठोकायला छिन्नी लागते ती धारदार नको. बोथट, फटीच्या रुंदीएवढ्या जाडीची, नाहीतर कापूस कापला जातो. आणि हातोडी नको, लाकडी मोगरी. यावर मी वाद घातला होता कारण हातोडीनं काम पटकन होतं, पण हातोडीचा मार इतका बसतो की कापूस दाबला जाता जाता शेजारच्या फळ्याच सरकतात. मोगरीनं आवाज ऐकत ठोकायचं. कापूस ढिला आहे तोवर आवाज फुसका येतो, बसला की घट्ट येतो, तिथे थांबायचं. हे मला अजून नीट जमत नाही, काकांना पाठमोरं बसून कळतं की मी जास्त ठोकतोय.

आणि वरची भर? इथे मुंबईच्या पावसाचा खरा त्रास आहे. जुलैत हवा ८५-९० टक्के दमट असते, उघड्यावरचं लाकूड त्या हवेत १८-२० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही, तुम्ही काहीही करा. आम्ही ताडपत्री ताणली, खाली टेबलफॅन लावला, तीन आठवडे ठेवला, ३० चे १९ झाले आणि काटा तिथेच बसला. एपॉक्सीला, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या रेझिनला, लाकूड १२-१५ च्या आत हवं असतं. म्हणजे बंदीच्या काळात, जेव्हा बोट हातात असते, तेव्हा एपॉक्सी मारायची हवा नसते, आणि हवा असते तेव्हा बोट समुद्रात. म्हणून यंदा एपॉक्सी नाही, फायबर तर नाहीच. कापूस, आणि वर मिस्त्री काकांची राळ आणि तेल उकळून केलेली भर, जी बापजाद्यांपासून याच हवेत चालत आलीय. पॉलिसल्फाइडची, म्हणजे रबरासारखी लवचिक राहणारी, भर हिवाळ्यात, बोट दोन-चार दिवस धक्क्याला असेल तेव्हा, एकेका फटीत. त्याच्यासाठी कड आधी अ‍ॅसिटोननं पुसायची, सागाला स्वतःचं तेल असतं, आणि गन जाड सांगाड्याची घ्यायची, साध्या गनचा दांडा जाड भर ढकलताना वाकतो. सिलिकॉन बोटीवर चढूसुद्धा देऊ नका, एकदा लाकडाला लागलं की नंतर त्यावर रंगही धरत नाही.

थर्माकोल काढून टाकला, फळ्यांची खालची बाजू रंग न लावता तेल देऊन उघडी ठेवली, चौकट परत घट्ट केली, आणि नवे इन्सुलेशनचे तुकडे फळीला चिकटवायच्या ऐवजी काढता येतील असे बसवले. बर्फ उतरवला की तुकडे बाहेर आणि झाकण उघडं. खलाशी पहिले पंधरा दिवस शिव्या घालत होते.

सँडरबद्दल एवढंच की पट्ट्याचा सँडर डेकवर नेऊ नका. दर वर्षी दोन मिलिमीटर जातात आणि स्क्रूची डोकी उघडी पडतात. गोल सँडर, ८० नंबरचा कागद, तोंडाला मास्क, सागाच्या भुश्शानं अंगाला खाज येते ती रात्रभर.

आणि विजेचं. शेडमधून वायर ओढून ओल्या डेकवर २३० व्होल्टचं हत्यार चालवणारे बघितलेत, मीपण चालवलंय, आता नाही. बॅटरीचंच हत्यार घ्या, आणि वायर ओढायचीच असेल तर मध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लगेच बंद होणारा स्विच, असल्याशिवाय नाही.

घ्यायचं कुठे? हातहत्यारं आणि पाती नागदेवी स्ट्रीटला, मस्जिद स्टेशनला उतरून चालत, तिथे पातं हातात घेऊन बघता येतं. जुन्या पटाश्यांसाठी रविवारी चोर बाजारात चक्कर मारा, जुनं पोलाद नव्यापेक्षा चांगलं निघतं, फक्त मागच्या सपाट बाजूला गंजाचे खड्डे नाहीत ना बघा. बोल्ट, साखळी, जहाजातलं जुनं सामान रे रोडच्या दारूखाना भागात. भर काढायचा तो आकडा मात्र विकत मिळत नाही, भंगारवाल्याकडून कानस आणि ओळखीचा लोहार.

काम झाल्यावर सगळी हत्यारं गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसून तेलाचा हात. खाडीच्या हवेत एका रात्रीत पटाशीवर तांबूस थर येतो. मीटरच्या सुयासुद्धा पुसा, त्यावर मीठ बसलं की परत आकडे खोटे.

मागच्या रविवारी बोट धक्क्याला होती तेव्हा खडूनं लिहून आलो. वरून १६, खालून १७. फक्त चौकटीच्या त्या हललेल्या कोपऱ्यात अजून १९ येतंय, तिथला बोल्ट काढून बघायचाय, तो डिसेंबरात.